जुन्या एम१९११ए१ च्या ग्रिप बदलायच्या आहेत? आधी बुशिंग बघा

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचकाने सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमकडून, म्हणजे जुनी लष्करी शस्त्रं नागरिकांना विकणाऱ्या सीएमपी या संस्थेकडून, रेमिंग्टन रँडने १९४३ साली बनवलेलं एम१९११ए१ पिस्तूल घेतलं आहे. मुठीवरच्या तपकिरी प्लास्टिकच्या ग्रिपपैकी डावीला वरच्या स्क्रूच्या भोकापासून तडा गेलाय आणि उजवी हाताला हलते. त्यांना अक्रोडाच्या लाकडाच्या नव्या ग्रिप लावायच्या आहेत. चार स्क्रू काढायचे आणि चार लावायचे, एवढंच काम आहे का, असं ते विचारतात.

काम छोटं आहे, पण एवढंच नाही. १९११ चे ग्रिपचे स्क्रू थेट फ्रेममध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्यात, जात नाहीत. फ्रेमच्या प्रत्येक बाजूला दोन, अशी एकूण चार छोटी बुशिंग, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेल्या पोकळ नळ्या, आट्यांनी बसवलेली असतात आणि स्क्रू त्या बुशिंगमध्ये जातो. बुशिंगचा बाहेरचा आटा ०.२३६ इंच व्यासाचा, इंचाला ६० फेऱ्यांचा. आत जाणाऱ्या स्क्रूचा आटा ०.१५० इंच, इंचाला ५० फेऱ्यांचा. दोन्ही मापं बाजारात सहज न मिळणारी आहेत. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातला जवळपासच्या मापाचा स्क्रू "जातोय ना" म्हणून फिरवला, की बुशिंग गेलं. आणि बुशिंग वाकडं फिरवलं की फ्रेमचे आटे गेले. तिथली भिंत पातळ, आटे बारीक, आणि फ्रेम ऐंशी वर्षांपूर्वीची. ग्रिप चुकली तर दुसरी घेता येते, फ्रेम घेता येत नाही. म्हणून पुढे जे काही लिहिलंय ते त्या चार बुशिंगना धक्का न लावता काम कसं करायचं याबद्दल आहे.

घेण्याआधी

आत्ता लावलेल्या ग्रिप फेकू नका, त्या तडकलेल्या असल्या तरी. युद्धकाळातल्या रेमिंग्टन रँड पिस्तुलांवर कीज फायबर कंपनीच्या तपकिरी प्लास्टिकच्या ग्रिप असत. सुरुवातीच्या पॅनेलांची (ग्रिपच्या एकेका पट्टीला पॅनेल म्हणतात) मागची बाजू पोकळ होती, नंतर तिथे मजबुतीच्या पट्ट्या आल्या, त्यानंतर स्क्रूच्या भोकाभोवती जाड कडं आलं. तुमच्या पॅनेलला तडा कुठून गेलाय ते पाहिलंत तर हे बदल का केले गेले ते कळतं: स्क्रूच्या डोक्याचा सगळा दाब भोकाच्या कडेवरच येतो. अर्थात सीएमपीकडे आलेली बरीच पिस्तुलं लष्करी शस्त्रागारांत पुन्हा जुळवलेली आहेत, त्यामुळे हीच ग्रिप कारखान्यातून निघाली तेव्हा होती असं सांगता येत नाही. तरीही त्या काळच्या ग्रिपला संग्राहकांत मोल आहे. तडा गोंदाने चिकटवायला जाऊ नका, तो रिकॉइलमध्ये, म्हणजे गोळी झाडताना बसणाऱ्या धक्क्यात, टिकत नाही आणि वस्तूही खराब होते.

दिसणं जपायचं असेल तर दुसरी त्या काळचीच तपकिरी जोडी शोधा. अक्रोडाचीच हवी असेल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. स्क्रूभोवती हिऱ्याच्या आकाराची कोरी जागा ठेवून बाकीची नक्षी कोरलेली 'डबल डायमंड' ग्रिप ही मूळ १९११ ची, पहिल्या महायुद्धाच्या काळातली. १९४३ च्या ए१ वर ती ऐतिहासिकदृष्ट्या बसत नाही. हाताला मात्र छान लागते. नेमबाजीसाठी लावणार असाल तर बिनधास्त लावा, फक्त पिस्तूल पुढे कुणाला दाखवताना किंवा विकताना ती मूळची आहे असं सांगू नका.

मापात दोन ठिकाणी चूक होते. पहिली लांबीत: पूर्ण आकाराच्या १९११ मध्ये दोन स्क्रूंच्या मध्यातलं अंतर साधारण ३ पूर्णांक १/१६ इंच, म्हणजे ७८ मिलिमीटर असतं. ऑफिसर्स साइझच्या आखूड फ्रेमला ते २ पूर्णांक ११/१६ इंच, म्हणजे ६८ मिलिमीटर असतं. दुसरी चूक जाडीत. नेहमीची पॅनेल साधारण पाव इंच जाड, 'स्लिम' त्याहून पातळ. स्लिम पॅनेलला आखूड बुशिंग आणि आखूड स्क्रू लागतात. तुमच्या फ्रेममध्ये नेहमीची बुशिंग आहेत, त्यामुळे स्लिम घेतलीत तर बुशिंगचं डोकं पॅनेलच्या वर येईल आणि स्क्रू पॅनेलला दाबणारच नाही. मग लोक बुशिंग बदलायला निघतात. तुमच्या पिस्तुलावर ते करू नका. लष्करी फ्रेममध्ये बुशिंग आतून, मॅगझिनच्या पोकळीच्या बाजूने, ठोकून कायमची बसवलेली असतात. ती ओढून काढताना ठोकलेली कड फ्रेमच्या आट्यांतून घासत बाहेर येते.

लाकडाबद्दल थोडं. अक्रोड चांगलं, हलकं आणि स्थिर. कोकोबोलो आणि शिसवी दिसायला देखणी, तेलकट आणि जड. कोकोबोलोची भुकटी अंगाला खाज आणते, श्वासालाही त्रास देते, तेव्हा घासायची वेळ आली तर मास्क लावा. शिसवी, शिसम, कोकोबोलो ही सगळी डॅल्बर्जिया प्रजातीतली झाडं. २०१७ पासून ही जवळपास पूर्ण प्रजाती साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे गावाकडच्या सुताराकडून शिसवीच्या फळ्या करून सामानातून आणायचा विचार असेल तर आधी परवान्याचे नियम वाचा. सांबरशिंगाच्या ग्रिप जुन्या बाजारात दिसतात, पण भारताने सांबरशिंगाची निर्यात बंद केलेली आहे, आणि हस्तिदंताच्या व्यापारावर अमेरिकेत २०१६ पासून जवळपास पूर्ण बंदी आहे. या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये.

काढताना

मॅगझिन काढा. स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे घेऊन अडकवा. चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी पाहा, मग करंगळीने चाचपून पाहा. काडतुसं त्या खोलीतच ठेवू नका. मग मॅगझिनची पोकळी रिकामी आहे हे परत एकदा बघून स्लाइड पुढे सोडा. मधे उठून गेलात तर परत आल्यावर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करा. पिस्तूल खोलायची गरज नाही, स्लाइड वेगळी करायचीही नाही.

स्क्रूड्रायव्हर हाच या कामातला सगळ्यात मोठा खर्च असू द्या. घरगुती स्क्रूड्रायव्हरची पात पाचरीसारखी निमुळती असते. ती खाचेच्या वरच्या कडेलाच टेकते, जोर लावला की निसटते, आणि स्क्रूची कड उचलून शेजारच्या लाकडावर रेघ ओढते. बंदूककामासाठी पात समांतर घासलेली बिटं मिळतात, ती घ्या. पात खाचेत तळापर्यंत जायला हवी, जाडीला खाच पूर्ण भरायला हवी, आणि रुंदी स्क्रूच्या डोक्यापेक्षा किंचित कमी हवी. यापेक्षा रुंद पात पॅनेलचं भोक खाते.

स्क्रू वर्षानुवर्षं हलले नसतील तर आदल्या रात्री प्रत्येक डोक्याच्या कडेला शिरणाऱ्या तेलाचा एकच थेंब टाका. थेंबच, धार नाही. प्लास्टिकला फारसं काही होत नाही, पण लाकूड ते तेल पिऊन काळं पडतं. दुसऱ्या दिवशी पिस्तूल मऊ कापडावर आडवं ठेवा, स्क्रूड्रायव्हर सरळ उभा धरून खाली दाबा आणि मगच फिरवा. हलला नाही तर आधी अगदी थोडा घट्ट करायच्या दिशेने जोर द्या, मग उलट. अडकलेला आटा बऱ्याचदा या हिसक्याने सुटतो.

आता एक बारीक लक्षण बघायला शिका. स्क्रू मोकळा होत असताना त्याचं डोकं पॅनेलमधून वर येतं आणि पॅनेल जागेवरच राहतं. पण स्क्रू फिरतोय, डोकं वर येत नाहीये, आणि त्याऐवजी पॅनेलचं ते टोक फ्रेमपासून उचललं जातंय असं दिसलं, तर थांबा. स्क्रू बुशिंगमध्ये गच्च बसलाय आणि बुशिंगच फ्रेममधून फिरून बाहेर येतंय. अर्धा फेरा उलट फिरवून ते परत जागेवर बसवा, पुन्हा तेल टाका, एक दिवस जाऊ द्या. तरीही तेच झालं तर पिस्तूल जाणत्या गनस्मिथकडे न्या. तो मॅगझिनच्या पोकळीतून बघून बुशिंग ठोकलेलं आहे की नाही ते ठरवेल. लाल थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारा गोंद) लावलेलं असल्याचा संशय असला तर उष्णता देऊन सोडवता येतं, पण प्लास्टिकची ग्रिप शेजारी असताना ते घरी करू नये.

स्क्रू निघाले की कुठला कुठून आला ते कागदावर लिहून ठेवा. पॅनेल चिकटलेलं असेल तर स्क्रूड्रायव्हरची पात घालून उचकटू नका, फ्रेमच्या पार्कराइझ केलेल्या, म्हणजे गंजरोधक फॉस्फेटचा थर दिलेल्या, पृष्ठभागावर कायमचा ओरखडा राहतो. दातांचा फ्लॉस किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी खालच्या मागच्या कोपऱ्यातून घाला आणि दोन्ही टोकं थोडी थोडी सोडवत सरळ वर उचला. एकच टोक वर ओढलं की दुसऱ्या टोकाचं भोक बुशिंगवर अडकतं आणि उरलेलं पॅनेलही तडकतं.

पॅनेलखाली

खाली जुनं वाळलेलं ग्रीस आणि थोडा तांबडा गंज बहुतेक निघेलच. कापड आणि तेलाने जेवढा जाईल तेवढा काढा. पॉलिश पेपर, स्टील वूल काही लावू नका, त्याने पार्कराइझिंग निघून जातं. शेवटी कोरड्या कापडाने पुसून अगदी पातळ थर ठेवा. लाकडी ग्रिप लावणार असाल तर तेलाऐवजी मेणाचा पातळ थर चांगला, लाकूड ते पीत नाही.

आता चारही बुशिंग तपासा. नखाने आणि मग बोटांच्या चिमटीत धरून फिरवून पाहा, एकही हलता कामा नये. वरून खाच किंवा कड उचललेली नाही ना? आतून टॉर्च मारून मॅगझिनच्या पोकळीत बघा. बुशिंगचं टोक भिंतीच्या सपाटीत किंवा किंचित आत असायला हवं. ठोकलेल्या जागी छोटे खळगे दिसतील, ते तसेच असू द्या. पोकळीत पुढे आलेली कड असेल तर मॅगझिनच्या बाजूवर घासल्याची उभी रेघ दिसते.

ठोकलेलं नसलेलं आणि हलणारं एखादं बुशिंग सापडलं तर ते घरी बसवता येतं. त्यासाठी खास ड्रायव्हर मिळतो, मधे खुंटी आणि दोन बाजूंना दात असलेला, तो विकत घ्या. दोन्ही बाजूंचे आटे अल्कोहोलने धुऊन पूर्ण कोरडे करा. बुशिंग आधी हातानेच, घड्याळाच्या उलट दिशेला हळू फिरवा. आट्यांची सुरुवात एकमेकांत बसली की हलकं 'टक' जाणवतं, तिथून सुलट फिरवायला लागा. पहिले दोन फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. न गेले तर वाकडं लागलंय. मग फ्रेमच्या बाजूच्या आट्यांवर निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा छोटासा थेंब, खांदा फ्रेमला टेकेपर्यंत फिरवणं, आणि २४ तास हात न लावणं. बुशिंगच्या आतल्या आट्यांत थेंब गेला तर लगेच पुसा. फ्रेमचे आटेच गेलेले असतील तर मोठ्या व्यासाची बुशिंग मिळतात, पण त्यासाठी फ्रेमला नवा टॅप मारावा लागतो. तो निर्णय घाईने घेण्यासारखा नाही, आणि घरी करण्यासारखा तर नाहीच.

बसवताना

स्क्रू न लावता पॅनेल नुसतं बुशिंगवर ठेवून अंगठ्यांनी दाबा. सपाट बसायला हवं, डुगडुगायला नको. युद्धकाळात बऱ्याच कारखान्यांनी ही पिस्तुलं बनवली, शिवाय शस्त्रागारांतली जुळवाजुळव वेगळीच, त्यामुळे नवं पॅनेल थोडं घट्ट बसणं नेहमीचं आहे. ठोकून किंवा स्क्रूने आवळून ते खाली आणायचं नाही. असं आवळलेलं लाकूड पावसाळ्यात किंवा हीटर चालू झाल्यावर भोकापासून रेषेत चिरतं. कुठे अडतंय ते शोधा: बुशिंगच्या डोक्याला पेन्सिलीचं शिसं किंवा मार्कर लावा, पॅनेल दाबा, काढा आणि मागच्या बाजूला डाग कुठे उठला ते पाहा. तिथेच गोल सुईकानसीने दोन-चार हात मारा, पुन्हा लावून पाहा. फ्रेम आणि बुशिंग कधीच घासायची नाहीत, घासायचं ते फक्त पॅनेल.

डाव्या पॅनेलवर जास्त वेळ द्या. फ्रेमच्या डाव्या बाजूला, ग्रिपच्या वरच्या कडेशी एक बारीक नळी आडवी बसवलेली असते, ती प्लंजर ट्यूब. तिच्यात एक स्प्रिंग आणि दोन बाजूंना दोन प्लंजर असतात. पुढचा स्लाइड स्टॉपला (स्लाइड मागे अडकवून धरणारी कळ), मागचा थंब सेफ्टीला (अंगठ्याने वर-खाली करायची सुरक्षा कळ) टेकतो. ही नळी फ्रेमला फक्त दोन ठोकलेल्या पायांवर धरलेली असते, आणि पॅनेलची वरची कड तिला बाहेरून आधार देते. पॅनेलची ही कड नळीच्या बाहेरच्या अंगाला नीट टेकायला हवी. टॉर्च खालून लावून बघा, दोघांमध्ये उजेडाची रेघ दिसत असेल तर आधार नाही. दुसरीकडे पॅनेल नळीला उचलत असेल तर तिचे पाय सैल होतील. नळी बाहेर सरकली की प्लंजर सेफ्टीखाली अडकू शकतो आणि सेफ्टी वर जाणं किंवा खाली येणं बंद होऊ शकतं. ग्रिप बदलल्यावर "सेफ्टी जड झाली" अशी तक्रार येते, तेव्हा पहिल्यांदा इथे बघावं. आधीच नखाने हलणारी नळी नव्या पॅनेलच्या भरवशावर सोडू नका, ती पुन्हा ठोकून घ्या. त्याला वेगळं अवजार लागतं, ते गनस्मिथचं काम.

नंतर मागची कड. पॅनेल मागे जास्त रुंद असेल तर ते ग्रिप सेफ्टीला, म्हणजे मूठ आवळली की दबणाऱ्या मागच्या सुरक्षा कळीला, घासतं. मग मूठ सोडल्यावर ग्रिप सेफ्टी दाबलेल्याच अवस्थेत अडकून राहू शकते, आणि हे धोक्याचं आहे. थंब सेफ्टीच्या पात्याखालीही मोकळी जागा हवी. पात्याची रेघ पॅनेलच्या लाकडावर उमटली असेल तर तिथे कागदाच्या जाडीएवढं उतरवा. डाव्या पॅनेलच्या पुढच्या कडेला मॅगझिन कॅचचं बटण पूर्ण आत जाऊन परत बाहेर येतं का तेही दाबून बघा. उजव्या पॅनेलला दोन्ही बाजूंच्या सेफ्टीसाठी खाच कापलेली असेल तर तुमच्या पिस्तुलावर ती नुसती रिकामी खाच दिसेल. चालतं, पण खाच नसलेलं पॅनेल मागवलेलं बरं.

स्क्रू जुनेच चांगले असतील तर तेच वापरा. चारही थोडे थोडे फिरवून पॅनेल समान खाली आणा. शेवटचं आवळणं स्क्रूड्रायव्हरची मूठ तळहातात न धरता फक्त अंगठा आणि दोन बोटांनी करा. डोकं टेकलं की पुढे साधारण आठवा हिस्सा फेरा, बस. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून थ्रेडलॉकर लावायची घाई नको. पुढच्या वेळी स्क्रू निघताना तो बुशिंगला सोबत घेऊनच येतो, आणि काही प्लास्टिकांना ते रसायन तडे पाडतं. त्यापेक्षा प्रत्येक डोक्याखाली पातळ रबरी ओ-रिंग घाला. ती दाब पसरवते आणि स्क्रूला ताण देऊन धरते. ओ-रिंग न शोभणारी असेल तर सर्वांत कमी ताकदीचं जांभळं थ्रेडलॉकर, काडीच्या टोकाने लावलेलं, एवढीच मर्यादा.

नवे स्क्रू घेतलेच असतील तर लांबी तपासा. पूर्ण बसवल्यावर मॅगझिनच्या पोकळीत बघा, कुठल्याही स्क्रूचं टोक भिंतीबाहेर दिसता कामा नये. रिकामं मॅगझिन घाला, बटण दाबा, ते स्वतःच्या वजनाने खाली पडलं पाहिजे. आधी पडत होतं आणि आता अडतंय, तर एखादा स्क्रू लांब आहे किंवा बुशिंग आत सरकलंय.

तपासणी

पिस्तूल रिकामं आहे हे पुन्हा बघून, सुरक्षित दिशेला रोखून. घोडा मागे घेऊन थंब सेफ्टी वर करा, मूठ नीट पकडून चाप ओढा: घोडा पडता कामा नये. चाप सोडून सेफ्टी खाली करा, तेव्हाही घोडा जागेवरच राहायला हवा. आता ग्रिप सेफ्टी दाबली जाणार नाही अशा पकडीने चाप ओढा, घोडा पडायला नको. नीट मूठ पकडून ओढलात की मगच पडायला हवा. सेफ्टीचं वर-खाली होणं आधीसारखंच टणटणीत आहे का ते दहा-बारा वेळा करून बघा. यातलं एकही चुकलं तर पॅनेल काढून पिस्तूल पुन्हा तपासा. पॅनेल काढल्यावर सगळं ठीक चालत असेल तर दोष पॅनेलच्या बसण्यात आहे. तरीही चुकत असेल तर तो आधीपासूनच होता, आणि पिस्तूल गनस्मिथकडे जायला हवं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात: या पिस्तुलाचं .४५ कॅलिबर (नळीचा आतला व्यास, इंचांत) तिथे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापांत, येतं, त्यामुळे जुन्या .३२ च्या पिस्तुलांवर हेच काम करण्याचा प्रसंग जास्त. त्यांची रचना सहसा याहून साधी असते. वॉल्थर पीपीसारख्या पिस्तुलात दोन्ही पॅनेलांमधून एकच स्क्रू आरपार जातो. धोका तिथे जुन्या, ठिसूळ झालेल्या प्लास्टिकचा, कारण एका स्क्रूवर सगळा ताण असतो. तो अर्धा फेरा कमी आवळलेला बरा, आणि काम परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्यावं.

रेंजवर पहिल्या पन्नास गोळ्यांनंतर पिस्तूल रिकामं करून चारही स्क्रू बोटांनी तपासा, लागला तर थोडासा आवळा. लाकूड बसत जातं, त्यामुळे पहिल्या ऋतुबदलानंतर पुन्हा एकदा पाहा. उतरवलेल्या प्लास्टिकच्या ग्रिप आणि जुने स्क्रू कागदात गुंडाळून छोट्या पिशवीत घाला, वर पिस्तुलाचा क्रमांक आणि काढल्याची तारीख लिहा, आणि सीएमपीच्या कागदांसोबतच ठेवून द्या. तडकलेलं पॅनेल रबरबँडने आवळून ठेवू नका, रबर कुजून प्लास्टिकला चिकटतं.